एक मडके, एक नाग

कळसूबाईच्या बाजूने प्रवरेच्या काठाकाठाने खाली उतरत आले म्हणजे अकोले तालुक्यातील राजूर हे बाजाराचे गाव लागते. डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळे आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीमुळे या गावाचे नाव आज सरकारदरबारी रूढ झाले असले, तरी या मुलखाचा जुना संसार महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या भातखाचरांवर, कारवीच्या कुडांवर आणि बांबूच्या कणग्यांवर उभा होता; आणि जेथे कणगीत भात तेथे उंदीर, व जेथे उंदीर तेथे धामण, हा क्रम कोणा मामलेदाराच्या हुकुमावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. धामणीला घराने बोलावले नव्हते, घालवूनही दिले नव्हते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असा प्रवाद मात्र तिच्या माथी मारलेला होता. सर्पाच्या मुखाची रचना दूध ओढून पिण्यास सर्वथा अयोग्य आहे, हे सांगूनही हा प्रवाद अद्याप पुरता गेलेला नाही.

हल्ली शहरांतील हौशी तरुण कॉर्न स्नेक नावाचा अमेरिकी साप काचेच्या पेटीत पाळतात, आणि एकटा साप कंटाळेल म्हणून त्याला सोबती आणावा काय, असा प्रश्न विचारतात. प्रश्न नवा दिसतो. परंतु साप बाळगण्याचा आपल्या प्रदेशातील व्यवहार जुना आहे, आणि त्या व्यवहाराने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.

सापांना सहवासाची आवड असते ही समजूत आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टींनी पोसली. एक, नाग-नागिणीच्या अखंड जोडीची कथा, जिला पुढे चित्रपटांनी सूडाची जोड दिली. दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. दोन साप एकमेकांना पीळ घालून, अर्धे अंग उभारून डोलताना दृष्टीस पडले, तर त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकावे, आणि साप निघून गेल्यावर ते वस्त्र उचलून पेटीत जपून ठेवावे, म्हणजे घरात लक्ष्मी नांदते, अशी श्रद्धा महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. ज्याला लोक प्रणय समजून हात जोडतात, ते दृश्य पुष्कळदा दोन नर धामणींच्या झुंजीचे असते. एकमेकांस न चावता, केवळ अंगबळाने प्रतिस्पर्ध्याचे मस्तक जमिनीस टेकविणे हा त्या झुंजीचा नियम, आणि हरलेल्या नराने मुकाट्याने ते ठिकाण सोडणे हा तिचा शेवट. म्हणजे ज्या वस्त्राला आपण मीलनाचे मंगल चिन्ह मानले, ते बहुधा एका हद्दपारीवर पांघरलेले असे! काचेच्या पेटीत एकावर एक वेटोळे घालून पडलेले दोन साप पाहून ज्याला मायेचा उमाळा येतो, त्याची चूक याच जातीची आहे. फरक इतकाच, की रानात हरलेल्याला निघून जाण्यास वाट असते.

ज्यांचे पोट सापांवर होते, त्यांची समजूत मात्र अशी भाबडी नव्हती. पुंगी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या गारुड्याच्या कावडीत चपट्या टोपल्या एकावर एक रचलेल्या असत, आणि नागाची टोपली ही बहुधा त्या एका नागाचीच असे. नाग उंदीर-बेडकांप्रमाणे प्रसंगी सापही गिळतो, आणि मण्यारीचे तर साप हे आवडते भक्ष्यच होय, हे ज्ञान त्या व्यवसायाचे भांडवल होते. गारुड्याने सापावर दया केली असे मात्र कोणी समजू नये. दात उपटलेला, कित्येकदा तोंड शिवलेला तो जीव फार काळ जगत नसे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची चाल याहून वेगळ्या भावनेची होती. गोरक्षनाथांच्या कथेशी नाते सांगणाऱ्या त्या गावात नागपंचमीच्या आधी रानातून, बांधाबांधावरून जिवंत नाग धरीत. ते मातीच्या मडक्यांत ठेवून, तोंडाला फडके बांधून घरात टांगीत, आणि पंचमीला पूजा, मिरवणूक झाल्यावर जेथून आणले तेथे सोडीत. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची ही पूजा थांबली, आणि ती थांबणे मला तरी न्याय्य वाटते. तथापि, देव मानलेल्या प्राण्यालाही त्या लोकांनी स्वतंत्र, अंधारे आणि थंड मडके दिले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

साप एकटा राहतो की सोबतीने, या प्रश्नाला इंग्रजी अमदानीतील दफ्तराकडून मात्र उत्तर मिळत नाही, कारण त्या दफ्तराला जिवंत सापाशी फारसे कर्तव्य नव्हते. जोसेफ फेरर यांचा भारतातील विषारी सर्पांवरील प्रचंड ग्रंथ 1872 साली निघाला, सर्पदंशाच्या मृत्यूंचे तक्ते जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले जाऊ लागले, आणि विषारी साप मारून आणणाऱ्यास इनाम देण्यात आले.

सापांच्या सहवासाचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला प्रसंग पुण्याचा आहे. 1980 च्या जानेवारीत नीलिमकुमार खैरे हे बहात्तर विषारी सापांसह एका काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले. त्या सापांत नाग होते, घोणस होते, मण्यार आणि पट्टेरी मण्यारही होते. डिवचल्यावाचून साप माणसाच्या अंगावर येत नाही, हे त्यांना लोकांस दाखवावयाचे होते आणि ते त्यांनी निर्विवाद दाखविले. कात्रजच्या सर्पोद्यानाच्या रूपाने त्या धाडसाचे फळ पुढे पुणेकरांस मिळाले. परंतु याच प्रसंगाचा हवाला देऊन, इतके साप एकत्र राहिले तर आमचे दोन का राहू नयेत, असा तर्क कोणी लढवील तर तो टिकणारा नाही. तीन दिवसांत सापाला भूकही फारशी लागत नाही. आणि कॉर्न स्नेक पाळला गेला तर पंधरा-वीस वर्षे जगतो.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे गार्टर साप हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एका बिळात दाटीने राहतात, हेही उदाहरण असेच फसवे आहे. गोठविणाऱ्या थंडीपासून बचावाची जागा तेवढी एकच असते म्हणून ते जमतात. वसंतात जोड्या जमल्या की आपापल्या वाटेने पांगतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याची टोपली बेकायदा ठरविली, आणि देशी साप घरी ठेवण्याची वाट बंद झाली. म्हणून हौशी लोकांची दृष्टी परदेशी सापांकडे वळली. अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप तेथील धान्यकोठारांतील उंदरांवर जगतो. राजूरच्या कणगीभोवती फिरणाऱ्या धामणीचे आणि तस्कर नावाच्या सापाचे जे काम, तेच त्याचे तेथील काम. आणि त्यांच्याप्रमाणेच तोही एकटा हिंडणारा आहे. अशा दोघांना एका पेटीत कोंडले, की ऊबदार जागा बलवान बळकावतो. दुसऱ्याला पुरेशी ऊब न मिळाल्याने अन्न पचत नाही, आणि सकाळी ओकलेला उंदीर सापडला तरी तो कोणी ओकला हे मालकास कळत नाही. एकाच उंदराला दोघांनी दोन टोकांनी धरले, तर गिळता गिळता एकाने दुसऱ्यालाच गिळण्याचा संभव असतो. एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. नर-मादी असल्यास कोवळ्या वयातच मादी अंड्यांवर येण्याचा, आणि अंडे अडकून दगावण्याचा धोका असतो.

सोबतीवाचून साप झुरतो, ही कल्पना आपल्या मनाची आहे. ज्यांना दोन कॉर्न स्नेक पाळावयाचे असतील त्यांनी दोन पेट्या घ्याव्यात. दुसऱ्या पेटीस घरात जागा नसेल, तर एकाच सापावर समाधान मानावे.