फॅमिन की स्कॅर्सिटी? एका खोडलेल्या शब्दाची गोष्ट

आजच्या भागात दोन इंग्रजी शब्द आहेत, फॅमिन आणि स्कॅर्सिटी. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखेच. खायला नाही, प्यायला नाही, एवढाच अर्थ. पण यातला एक शब्द महाराष्ट्रानं चक्क कायदा करून पुसून टाकलाय. का, ते बघूया.

आधी अर्थ. फॅमिनचं मूळ लॅटिनमध्ये आहे, ‘फामेस’ म्हणजे भूक. म्हणजे हा शब्द माणसाच्या पोटाबद्दल बोलतो. स्कॅर्सिटी म्हणजे टंचाई. हा शब्द वस्तूबद्दल बोलतो. धान्य कमी, चारा कमी, पाणी कमी. पण माणूस जगतोय की मरतोय, हे त्यात येतच नाही.

आता इतिहास. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यानंतर इंग्रज सरकारनं कमिशन नेमलं. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे फॅमिन कोड तयार झाले. एकदा का सरकारनं ‘फॅमिन’ जाहीर केलं, की धडधाकट माणसांना काम आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांना मदत द्यावीच लागायची. थोडक्यात, शब्द उच्चारला की जबाबदारी गळ्यात!

मग १९४३ उजाडलं. बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. पण सरकारनं फॅमिन कोडखाली फॅमिन जाहीर केलंच नाही. बंगालच्या हंगामी गव्हर्नरनं व्हाइसरॉयला कारण काय कळवलं, माहितीये? कोडप्रमाणे द्यायला लागेल तेवढं धान्यच आपल्याकडे नाही! धान्य नाही, म्हणून शब्दही नाही.

आता आपल्याकडे या. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला आणि राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून तिथे ‘स्कॅर्सिटी’ घातला. कारण असं दिलं, की सरकारचं परिस्थितीवर सतत लक्ष असतं, त्यामुळे फॅमिनची वेळ आता येणारच नाही.

आणि नऊच वर्षांत आला बाहत्तरचा दुष्काळ! घरातल्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडण्याची कामं, सुकडी, मिलो ज्वारी, सगळं सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. कायद्यात शब्द नव्हता, तरी काम मिळालं म्हणून माणसं तगली. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

म्हणजे शब्दाला काहीच किंमत नाही का? आहे ना! २०१६ चा मे महिना आठवा. हायकोर्टात प्रकरण सुरू असताना सरकारला सांगावं लागलं, की ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय तिथे ‘दुष्काळ’ असं वाचा. २९ हजारांहून जास्त गावांचा प्रश्न होता.

गंमत म्हणजे मराठीत पाऊस नसला तरी दुष्काळ आणि माणूस उपाशी मेला तरी दुष्काळच. म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘टंचाई’ ऐकलंत, तर एवढंच विचारा: टंचाई कशाची ते कळलं, पण गावातल्या माणसांना काम आणि अन्न मिळतंय का? १९४३ आणि १९७३ मधला खरा फरक तोच होता.

भेटूया पुढच्या भागात!