अवधाण, गाठ आणि ग्रंथिक सन्निपात

पायात काटा मोडला, जखम चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ उठते. तिला आपल्याकडे 'अवधाण' म्हणतात. काखेत उठणारी गाठ ती काखमांजरी. नगर जिल्ह्यातील माझ्या विद्यार्थ्यांना हे शब्द आजीच्या तोंडून ऐकून ठाऊक असतात. 'लसिकाग्रंथी' हा पाठ्यपुस्तकातील शब्द मात्र त्यांना परका वाटतो. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, हा संबंध आजीने जोडलेला होता. त्यामागचा मार्ग तेवढा तिला दिसलेला नव्हता.

तो मार्ग असा. रोहिण्यांमधून आलेले रक्त केशवाहिन्यांत शिरते, तेव्हा त्यातील काही द्रव बाहेर झिरपतो. त्यातला बराचसा पुन्हा रक्तात शोषला जातो. उरलेला गोळा करतात त्या लसिकावाहिन्या. रक्ताला हृदयाचा रेटा असतो, तसा लसिकेला नाही. स्नायूंची हालचाल, वाहिन्यांच्या भित्तींचे आकुंचन आणि आतल्या झडपा यांच्या आधाराने ती हळूहळू वर सरकते आणि अखेर मानेच्या तळाशी नीलांमध्ये परतते. वाटेत जांघ, काख, मान येथे ग्रंथींची नाकी आहेत. पायाकडून आलेला जंतू जांघेतल्या नाक्यावर अडवला जातो. तेथे पांढऱ्या पेशींची झुंज जुंपते आणि ग्रंथी सुजते. म्हणजे अवधाण हे शरीराच्या प्रतिकाराचेच चिन्ह.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी जो रोग ओळखला, त्याने मात्र हेच नाके ताब्यात घेतले. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. पिसवाचा दंश झाला की तो लसिकेबरोबर जवळच्या ग्रंथीत पोचतो, गिळू पाहणाऱ्या पेशींनाच निकामी करतो, तेथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. तत्कालीन मराठी वृत्तपत्रांनी या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. मला हे नाव आजही 'प्लेग'पेक्षा अधिक नेमके वाटते, कारण त्यात रोगाचे स्थान सांगितले आहे.

या इतिहासात नगरशी नाते असलेली एक व्यक्ती आहे. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे शिक्षण अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) मिस सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत झाले. पुढे साथीत पुण्याजवळ त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्यांना 'स्पर्शाने' प्लेग झाला, असे आपण भाषणांतून सर्रास सांगतो. गाठीचा प्लेग सहसा तसा पसरत नाही. रुग्णाच्या अंगावरच्या वा कपड्यांतल्या पिसवांनी तो दिला असण्याची शक्यता अधिक. पिसवांचा हा वाटा सिमाँने कराचीत 1898 मध्ये दाखवला, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर. ज्या काळी स्पर्शाचाच धाक होता, आणि रोगाच्या भयाखेरीजही ज्या वस्तीचा स्पर्श टाळला जाई, तेथून त्यांनी ते मूल उचलले होते. विज्ञानाच्या दुरुस्तीने या कृतीचे मोल कमी होत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच दिवसांनी पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. माणसे बाहेर काढून काख, जांघ, मान तपासली जाऊ लागली. वैद्यकीयदृष्ट्या जागा अचूक होत्या. पण स्त्रीच्या जांघेला परक्याने हात लावणे कोणत्या समाजाला सोसले असते? तो संताप 22 जून रोजी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. या प्रकरणाकडे आपण राजकीय इतिहास म्हणून पाहतो, आणि ते योग्यच. पण तपासनीसाचा हात ज्या ग्रंथींवर पडत होता, त्यांचा उल्लेख त्या इतिहासात क्वचितच येतो.

राहिला एक शब्द. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाला मराठीत 'लस' म्हणतात. चरकसंहितेतही त्वचेखालच्या, व्रणात दिसणाऱ्या द्रवाला 'लसीका' हेच नाव आहे. देवी टोचण्याच्या द्रव्याला इंग्रज 'लिम्फ' म्हणत आणि आपण 'लस' म्हणू लागलो. प्लेगवरची लस हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाई गेल्या, त्या दिवशी या घटनेला बरोबर दोन महिने झाले होते.