खानेसुमारीचे कागद आणि लोकसंख्येचा अभ्यासक्रम

जुन्या दफ्तरांचे रुमाल सोडणारांच्या हातीं सनदा, महजर, निवाडे यांबरोबर आंकड्यांनीं भरलेले कागदहि येतात. गांवांत घरें किती, कुळें कोणतीं, त्यांपैकीं नांदतीं किती व परागंदा किती, याचा तो हिशेब असतो. त्यांत लढाईची हकीकत नाहीं, थोर पुरुषाचा शिक्कामोर्तब नाहीं. म्हणून संग्राहक ते बाजूस टाकतात, आणि बाजूस टाकलेला कागद वाळवीच्या वांट्यास लवकर जातो. हे कागद ज्या शास्त्रास उपकारक आहेत, तें लोकसंख्याशास्त्र आज उच्च शिक्षणांत कोणकोणत्या वाटांनीं शिकतां येतें आणि त्या शिक्षणांत या कागदांस स्थान कां असावें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

माणसें मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत गोप व स्थानिक या अधिकाऱ्यांनीं घरें, माणसें, त्यांचे धंदे व आयव्यय यांची नोंद ठेवावी, असा विधि आहे. परंतु विधि म्हणजे वृत्त नव्हे. अमुक करावें या वचनावरून तें घडलें असें सिद्ध होत नाहीं. युरोपांत या शास्त्राचा आरंभ जॉन ग्रांट याच्या १६६२ च्या ग्रंथापासून धरतात. त्यानें लंडनच्या मृत्यूंच्या याद्यांवरून अनुमानें काढिलीं. हिंदुस्थानांत १८७२ च्या सुमारास पहिली गणना झाली, आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनीं देशाची गणना होत गेली.

या विषयाचें स्वतंत्र अध्यापन मुंबईंत १९५६ सालीं सुरू झालें. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ व सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या साह्यानें तेथें निघालेलें केंद्र आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. १९८५ सालीं त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यास १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत हाच विषय अर्थशास्त्राच्या अंगानें वाढला, वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांची पुणें जिल्ह्यांतील जन्ममृत्यूंविषयींची पाहणी १९५३ सालीं तेथूनच प्रसिद्ध झाली.

स्वतंत्र पदवीखेरीज इतर शास्त्रांतूनहि या विषयाकडे वाटा जातात. सांख्यिकीचा विद्यार्थी आयुर्मानाची सारणी बांधावयास शिकतो. लोक आपलें वय पुष्कळदां पांचाच्या वा दहाच्या पटींत सांगतात, हें ओळखून तो आंकडे सुधारून घेतो. अर्थशास्त्रज्ञ माणसांचा संबंध शेत व मजुरी यांशीं जोडतो. समाजशास्त्रज्ञ कुटुंबाची रचना पाहतो, भूगोलज्ञ स्थलांतर पाहतो, वैद्यकाचा विद्यार्थी रोगांचा माग काढतो. यांपैकीं कोणतीहि वाट त्याज्य नाहीं. परंतु कोणतीहि एकटी पुरी पडत नाहीं.

याचें उदाहरण खानेसुमारीच देते. ‘खाना’ म्हणजे घर व ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. पण घर कशास म्हणावयाचें? एका वाड्यांत तीन चुली असल्यास कारकुनानें एक घर लिहिलें कीं तीन? गांवीं दोनशें घरें आढळलीं आणि दर घरीं चार माणसें धरलीं, तर लोकसंख्या आठशें होते. सहा धरलीं तर बाराशें. म्हणजे केवळ एका गृहीतामुळें गांव दीडपट होतो! हा गुणक सांख्यिकीनें ठरत नाहीं. त्यास त्या काळचें कुटुंब ठाऊक पाहिजे, आणि मुळांतील मोडी शब्द स्वतः वाचतां आला पाहिजे. सुमित गुहा यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील कुटुंबाच्या आकारावरील १९९८ च्या लेखांत या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

जमाबंदीच्या कागदांचेंहि असेंच. लग्नटका व पाटदाम या बाबींवरून विवाहांचा व पुनर्विवाहांचा कांहीं अंदाज येतो. गतकुळीच्या नोंदीवरून ओस पडलेलीं घरें कळतात. तथापि कर चुकविणारे या नोंदींत येत नाहींत, आणि गेलेलें कूळ मेलेंच असें नाहीं. १८०३-०४ च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं पुष्कळांनीं गांव सोडिला. हा विवेक दफ्तराच्या परिचयानेंच येतो. उलटपक्षीं, टॉमस कोट्स यानें लोणी गांवाचें जें वर्णन लिहिलें व जें १८२३ सालीं छापलें गेलें, त्याच गांवाची पाहणी गो. स. घुर्ये यांनीं पुढें पुन्हां करून १९६० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. एका गांवाचा जुना लेख जपला गेला, म्हणूनच अशी तुलना शक्य झाली.

फ्रान्सांत लुई आंरी यानें चर्चच्या नोंदवह्यांवरून कुटुंबें जुळविण्याची रीति घालून दिली. केंब्रिज येथें १९६४ सालीं स्थापन झालेल्या मंडळानें ४०४ परगण्यांच्या वह्यांवरून इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ सालीं सिद्ध केला. त्या वह्यांतील आंकडे उतरून देणारे बहुतेक स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक होते, प्राध्यापक नव्हते! गोमंतकांतील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या याच जातीचें साधन होत. देशावर तसें साधन नाहीं. आमचें साधन दफ्तर.

म्हणून आमचें सांगणें दोन पक्षांस आहे. विद्यापीठांनीं लोकसंख्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मोडीवाचन व दफ्तरपरिचय यांची एक ऐच्छिक पत्रिका ठेवावी, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांख्यिकीचे प्राथमिक पाठ द्यावे. संग्राहकांनीं खानेसुमारी, झाडे व घरपट्टीचे कागद रद्दींत घालूं नयेत; ते ज्या रुमालांत सांपडले त्यांतून वेगळे काढूं नयेत; गांव, परगणा व साल यांची टिपणी सोबत ठेवावी. सुटलेल्या बंदाचा गांव हरवतो, आणि गांव हरवलेला आंकडा कोणत्याहि शास्त्राच्या उपयोगीं पडत नाहीं. राजांचीं पत्रें जपणारे पुष्कळ आहेत. ज्यांनीं कधीं पत्र लिहिलें नाहीं, त्या रयतेची नोंद या बंदांतच उरली आहे. ती गेली तर दुसरीकडून मिळावयाची नाहीं.