वाऱ्यातला दिवा

दिवाळीच्या संध्याकाळी अंगणात पणती ठेवताना वारा सुटला, की आपण चटकन हाताचा आडोसा करतो. पण वाचकहो, भर वादळात दिवा लावायचा आणि त्या वादळाच्याच हवेवर तो पोसायचा, असे कोणी म्हटले तर? जेट विमानाच्या इंजिनातील ज्वलनकोठीला नेमके हेच करावे लागते.

१२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडात रग्बी येथे फ्रँक व्हिटल या एकोणतीस वर्षांच्या हवाई दलातील अधिकाऱ्याने आपले इंजिन प्रथम चालवले. इंजिन किंचाळत वेग घेऊ लागले. इंधनाची झडप बंद केली, तरी वेग वाढतोच आहे! भोवतालची मंडळी पळत सुटली. व्हिटल तेवढा जागचा हलला नाही. ते धैर्य नव्हे, भीतीने पाय खिळले होते, असे पुढे त्यानेच सांगून टाकले. (मला हा प्रांजळपणा त्याच्या शोधाइतकाच आवडतो.) कोठीच्या तळाशी गळून साचलेले इंधन पेटले होते. पुढे तीन वर्षे या ज्वलनाने त्याचा पिच्छा पुरवला. कोठी उघडावी तेव्हा ज्योत विझलेली. मागे राहिलेल्या खुणांवरून तर्क लढवायचा. १९४० साली शेल कंपनीच्या आयझॅक लबक यांचा इंधनाचे बारीक तुषार उडवणारा ज्वालक मिळाला आणि १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून विमान सतरा मिनिटे उडून आले.

जळत्या ज्योतीच्या पोटात शिरून पाहणार कोण? वाट एकच, गणिताची. प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच मांडली गेली होती. ती सोडवण्याइतके आकडेमोडीचे बळ संगणकाने दिले. कोठीचे हजारो कप्पे कल्पायचे आणि एकेकाचा हिशेब मांडायचा. पण वेगाला समीकरण आहे, दाबाला स्वतःचे समीकरण नाही! ही गाठ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग आणि त्यांचे शिष्य, आपल्या पुण्याचे सुहास पाटणकर यांनी सोडवली. १९७२ साली प्रसिद्ध झालेली त्यांची युक्ती अशी: दाब अंदाजाने धरा, त्यावरून वेग काढा, कप्प्यात आलेल्या आणि गेलेल्या हवेचा मेळ बसतो का पाहा; न बसला तर दाब सुधारा आणि पुन्हा आरंभ करा. लीलावतीतले इष्टकर्म ज्यांनी गिरवले आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. पद्धतीचे नावही 'सिंपल', म्हणजे सोपी. भट्ट्यांपासून विमानाच्या ज्वलनकोठ्यांपर्यंत ती जगभर पोचली.

मात्र कप्प्यांहून लहान भोवरे आजही अदमासानेच धरावे लागतात; म्हणून संगणकाने कौल दिला, तरी नवी कोठी विमानात बसवण्याआधी एकदा प्रत्यक्ष पेटवून पाहतातच.