युद्धनौकांचे जतन आणि कार्यक्षमतेचा प्रश्न : गस्ती व क्षेपणास्त्रवाहू नौकांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

छत्रपती शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडीचा प्रदेश ताब्यात घेतला आणि त्यानंतर कल्याणच्या खाडीत मराठा आरमाराच्या उभारणीस प्रारंभ झाला. त्याच खाडीच्या काठी, दुर्गाडी किल्ल्याजवळ, भारतीय नौदलाची 'टी-80' ही निवृत्त नौका नियोजित आरमार संग्रहालयासाठी 2023 साली आणण्यात आली. ही घटना स्वागतार्ह आहे. तथापि तिच्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. नौकेचे जतन म्हणजे केवळ तिचा सांगाडा राखणे की ती चालविण्याचे ज्ञानही राखणे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

पाश्चात्त्य देशांतील अनुभव :

दुसऱ्या महायुद्धातील लहान गस्ती नौका बहुतांशी लाकडी होत्या. त्या अल्पकाळाच्या वापरासाठी बांधल्या गेल्या आणि युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्य जाळल्या, मोडल्या वा विकल्या गेल्या. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे बांधलेली 'पीटी-305' ही पाणतीरवाहू गस्ती नौका भूमध्य समुद्रात लढली. युद्धानंतर तिची विक्री झाली आणि पुढे तिची लांबी कमी करून कालवे पकडण्यासाठी तिचा वापर झाला. 2007 साली न्यू ऑर्लिन्सच्या युद्ध संग्रहालयाने ती मिळविली. शेकडो स्वयंसेवकांनी सुमारे दशकभर श्रम करून ती पूर्ववत बांधली व 2017 साली ती पुन्हा पाण्यावर धावली. इंग्लंडमधील 'मेडुसा' ही 1943 साली बांधलेली बंदर-संरक्षक नौका 1944 च्या नॉर्मंडी मोहिमेत सहभागी होती. तीही दुरुस्तीनंतर समुद्रात जाऊ लागली.

या कामांचे खरे फलित केवळ नौका नव्हे. कुजलेली फळी कशी बदलावी, जुने इंजिन कसे जुळवावे, कोणता सुटा भाग नव्याने घडवावा, हे शिकताना वृद्ध कारागिरांचे कौशल्य नव्या पिढीकडे गेले. कागदावरील नकाशात जे नसते ते हातात असते. नौका चालती करावयाची म्हटल्यावरच ते हातातले ज्ञान विचारले जाते.

भारतीय संदर्भ :

1971 च्या युद्धात मुंबईतील क्षेपणास्त्रवाहू नौकांनी बजावलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. 4 डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' व 'वीर' या तीन नौकांनी कराचीजवळ पाकिस्तानी जहाजांवर हल्ला केला. तो दिवस पुढे नौदल दिन म्हणून साजरा होऊ लागला. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या या नौका मुळात किनारा व बंदराच्या संरक्षणासाठी होत्या आणि त्यांचा पल्ला मर्यादित होता. त्यामुळे मोहिमेत त्यांना काही अंतर ओढून नेण्यात आले. प्रत्येक नौकेत 42 सिलिंडरची तीन डिझेल इंजिने होती. अशी गुंतागुंतीची यंत्रे चालू ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचे व गोदी कामगारांचे योगदान मात्र युद्धेतिहासात क्वचितच नोंदले जाते.

गोव्याच्या दक्षिण सीमेलगत कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर 'चपळ' ही क्षेपणास्त्रवाहू नौका 2006 पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. ती 1971 च्या युद्धात लढली, असा समज रूढ आहे. वास्तविक ती 1976 साली नौदलात दाखल झाली, म्हणजे युद्धानंतरच्या दुसऱ्या तुकडीतील आहे. सांगाडा उभा असूनही त्यामागील इतिहास कसा धूसर होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मुंबईचे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. 1961 ते 1997 या काळात सेवेत असलेली विमानवाहू 'विक्रांत' 2001 पासून संग्रहालय होती. सुरक्षिततेच्या कारणास्तव ते 2012 साली बंद झाले आणि 2014 च्या अखेरीस तिचे तोडकाम सुरू झाले. तिच्या धातूचा काही भाग पुढे पुण्याच्या एका वाहन कंपनीच्या मोटारसायकलींत वापरला गेला. जहाजाचा आकार प्रचंड असल्याने देखभालीचा खर्च पेलणे कठीण होते, हे मान्य करावे लागेल. परंतु लहान नौकांबाबत हा युक्तिवाद तितका लागू होत नाही.

'टी-80' चे महत्त्व :

'टी-80' ही इस्रायलमध्ये बांधलेली, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची नौका 1998 साली नौदलात आली व 2021 साली निवृत्त झाली. मुंबई बंदराबाहेरील उथळ पाण्यातील कामासाठी ती विशेष उपयुक्त होती. तिचा वेग ताशी 40 सागरी मैलांहून अधिक होता. तिच्यावर काम केलेले अधिकारी, खलाशी व तंत्रज्ञ आजही हयात आहेत. म्हणजेच जे पाश्चात्त्यांना साठ-सत्तर वर्षांनी शोधून काढावे लागले, ते येथे आज सहज विचारता येण्यासारखे आहे.

निष्कर्ष :

1. नौकेचे बाह्य रूप टिकले तरी तिचे कार्यज्ञान आपोआप टिकत नाही. 'चपळ'विषयीचा गैरसमज हेच दर्शवितो.

2. प्रत्येक निवृत्त नौका चालती करणे शक्य नाही. परंतु निवृत्तीच्या वेळीच तिच्या यंत्रांची देखभाल-पद्धती व तंत्रज्ञांच्या मौखिक आठवणी मराठीत नोंदविणे शक्य आहे.

3. या कामी किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एकत्र यावे. किमान एका लहान नौकेचे एक इंजिन तरी विद्यार्थ्यांनी पुन्हा सुरू करून पाहावे.

मराठा आरमारातील गुराबा व गलबते नेमकी कशी बांधली जात, याविषयी अभ्यासकांना आज तुटपुंज्या साधनांवर भिस्त ठेवावी लागते. बांधणाऱ्यांना कोणी विचारले नाही, म्हणून ती पोकळी राहिली. दुर्गाडीच्या पायथ्याशी आलेल्या नौकेबाबत तीच चूक पुन्हा घडू नये, एवढीच अपेक्षा.