चाक निखळू नये म्हणून

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला विसावते आणि मग रोटी घाट चढू लागते. या चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. बैलांचे बळ सर्वांना दिसते. पण चाक आसावर टिकते कशामुळे, हे सहसा कोणी विचारत नाही. चाकाइतकाच जुना असलेला हा प्रश्न आपण तपासून पाहू.

बैलगाडीचा आस स्थिर असतो, चाक त्याच्याभोवती फिरते. ते बाहेर सरकू नये म्हणून आसाच्या टोकाला आरपार खीळ घालतात. ऋग्वेदात हिला ‘आणि’ म्हटले आहे. दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले, ही कथा घरोघर माहीत आहे. साऱ्या रथाची भिस्त एवढ्याशा खिळीवर असते, हे कथा सांगणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

मोटारीत खिळीची जागा नटांनी घेतली. 1947 च्या सुमारास मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ गाड्या, तर महिंद्रांकडे विलिस जीप जुळवली जाऊ लागली. या बनावटीच्या तेव्हाच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. असे का?

वर्गात एक प्रयोग करू. बांगडीच्या आत एक नाणे ठेवा आणि कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल न्या. नाण्यावर खूण केली असेल तर दिसेल, की नाणे स्वतःभोवती मात्र उलट वळते.

आता गाडीकडे वळू. डावीकडून पाहिले तर पुढे जाणाऱ्या गाडीचे डावे चाक काट्यांच्या उलट फिरते. गाडीचा भार तर सदैव खालीच असतो. त्यामुळे चाकाच्या दृष्टीने भाराची दिशा काट्यांप्रमाणे फिरत राहते. नट जरा सैल असेल तर तो नाण्यासारखा आपल्या बैठकीत घरंगळतो आणि उलट, म्हणजे साधे आटे सुटण्याच्या दिशेने, वळतो. उजव्या बाजूला तोच आवळण्याकडे झुकतो. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, त्याचेही कारण हेच.

पुढे अनुभवाने कळले, की नटाचे तोंड शंकूसारखे निमुळते असेल आणि तो योग्य जोराने आवळला असेल, तर तो बैठकीत हलतच नाही. क्रायस्लरने 1970 च्या सुमारास उलटे आटे सोडून दिले. चाक धरून ठेवते ती आवळलेल्या नटाची पकड. आट्यांची दिशा हा केवळ दुसरा पहारा.

परंतु जुन्या गाड्या अजून आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. उलट्या आट्यांची माहिती नसलेला मेकॅनिक नेहमीच्या सवयीने नट ‘आवळतो’ आणि प्रत्यक्षात तो सैल करतो. मग चाक डगमगते, ठोक्यांचा आवाज येतो, एकेक स्टड थकून तुटतो आणि अखेर चाक निखळते. गाडीचा तो कोपरा रस्त्यावर घासत जातो; सुटलेले चाक पुढे धावून वाटसरूचा जीवही घेऊ शकते. पहिल्या ठोक्यालाच गाडी थांबवणे हाच शहाणपणा.

जुनी गाडी जपायची, तर तिचा नट कोणत्या दिशेने फिरतो हे ज्ञानही जपले पाहिजे.