विमानतळ सुरक्षा : सरकार आणि बाजार
प्रवासी, सामान व विमान यांना घातपातापासून राखणारी तपासणी-व्यवस्था. कंदाहार अपहरणानंतर (१९९९, पहा : विमान अपहरण) भारतातील विमानतळ टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. अमेरिकेत २००१ पर्यंत विमान कंपन्यांचे ठेकेदार तपासणी करीत. पगार तुटपुंजा, माणसे टिकत नसत; मग तपासणी सरकारने हाती घेतली. सॅन फ्रान्सिस्कोत आजही ठेकेदारच आहेत, हा आक्षेप खरा; पण निकष तेथेही सरकारचेच. लहान विमानतळांवर तर बाजार आणखीच तोकडा पडतो. जळगावहून (पहा : जळगाव विमानतळ) २०१७ मध्ये मुंबई सेवा सुरू झाली ती ‘उडान’ या सरकारी प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या अनुदानावर, धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीला नियमित प्रवासी सेवाही नाही. जिथे विमानच बाजाराच्या बळावर उतरत नाही, तिथे क्ष-किरण यंत्राचा खर्च बाजार कसा उचलणार? शिवाय जळगावात नीट न तपासलेली बॅग मुंबईत उतरते. इथल्या काटकसरीची किंमत तिथले प्रवासी मोजतात, आणि तिकिटाच्या दरात ती कुठेच दिसत नाही.